वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल १८९५ - २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ, कर्करोग संशोधक आणि वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. मुंबईतील टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे संचालक, भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू ही पदे त्यांनी भूषवली. भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा नागरी सन्मान दिला.

कर्करोगाचे मूळ रोग्याच्या रोजच्या जगण्यात शोधता येते, हा खानोलकरांच्या संशोधनाचा गाभा होता. तंबाखू, विडी, पेहराव, विवाहाच्या चालीरीती आणि समाजासमाजातील आनुवंशिक भेद यांचा रोगाशी असलेला संबंध त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला. अणुकिरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. किरणोत्सर्ग कर्करोग बरा करतो आणि निरोगी ऊतकांना इजाही करतो. हे दुहेरी स्वरूप त्यांच्या काळातील वैद्यकापुढचा एक मोठा प्रश्न होता.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील एका कुटुंबात झाला. वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठातून त्यांनी विकृतिशास्त्रात एम.डी. ही पदवी मिळवली.

रोगामुळे शरीराच्या पेशींत आणि ऊतकांत होणाऱ्या बदलांचा अभ्यास म्हणजे विकृतिशास्त्र. शस्त्रक्रियेत काढलेला किंवा शवविच्छेदनात मिळालेला ऊतकाचा तुकडा रसायनांत टिकवून, त्याचे अतिशय पातळ काप करून, ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे ही त्याची मूळ पद्धत आहे. गाठ साधी आहे की कर्करोगाची, कर्करोग कोणत्या प्रकारचा आहे आणि तो किती खोलवर पसरला आहे, याचा निर्णय या तपासणीवर अवलंबून असतो.

अध्यापन

भारतात परतल्यावर खानोलकरांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. ग्रँट महाविद्यालय १८४५ पासूनचे होते, तर परळ येथील के.ई.एम. रुग्णालयाशी संलग्न असलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले होते. देशातील विकृतिशास्त्रज्ञांना एकत्र आणणाऱ्या भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ संघटनेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता.

टाटा मेमोरियल रुग्णालय

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढच्याच वर्षी दोराबजीही निवर्तले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईत स्वतंत्र रुग्णालय उभारण्याचा निर्णय घेतला आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार या दोन्ही मार्गांनी तेथे उपचार होत.

खानोलकर या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे संचालक झाले. कर्करोगाचे एवढे रुग्ण एकाच छताखाली येण्याची ही भारतातील नवी घटना होती. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून, जातिधर्मांतून आणि व्यवसायांतून आलेल्या रुग्णांचे ऊतकाचे नमुने आणि त्यांच्या राहणीमानाची माहिती एकत्र ठेवल्यास रोगाच्या कारणांपर्यंत पोहोचता येईल, हे खानोलकरांनी ओळखले. त्यांचे पुढचे बरेचसे संशोधन याच सामग्रीवर उभे राहिले.

कर्करोग आणि जीवनपद्धती

१९४४ मध्ये खानोलकरांनी मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात तोंडाचा आणि घशाचा कर्करोग कितीतरी अधिक आढळतो, ही बाब त्यातून पुढे आली. गाठ तोंडात नेमकी कोठे उद्भवते आणि तंबाखू तोंडात कोठे ठेवली जाते, यांचा मेळ घालून पाहणे हे या अभ्यासाचे वैशिष्ट्य होते.

१९४५ मध्ये सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी सवयींशी जोडलेले कर्करोगाचे तीन प्रकार वर्णिले. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्टा, म्हणजे जाड चिरूट, पेटलेले टोक तोंडात धरून ओढण्याची प्रथा होती. ती पाळणाऱ्यांना टाळूचा कर्करोग होत असे. चुना मिसळलेली खैनी खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला दाबून ठेवणाऱ्यांना त्याच जागी गाठ होत असे. तिसरा प्रकार धोतराशी संबंधित होता. कंबरेला वर्षानुवर्षे घट्ट कसलेल्या धोतरामुळे त्वचेला सतत घर्षण होई, तेथील रंग बदले, व्रण पडे आणि काही जणांत त्याचे रूपांतर कर्करोगात होई. काश्मीरमध्ये पोटाशी शेगडी धरल्याने होणारा कांगडी कर्करोग वैद्यकाला आधीच माहीत होता. खानोलकरांच्या निबंधामुळे त्या माळेत आणखी तीन उदाहरणांची भर पडली.

१९५५ मध्ये एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांनी धूम्रपान, तंबाखू चघळणे आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागाचा कर्करोग यांच्या संबंधावरील अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटन आणि अमेरिकेत धूम्रपान व फुफ्फुसाचा कर्करोग यांवरील संशोधन गाजत असतानाचा हा काळ होता. भारतात प्रश्न केवळ धुराचा नसून चघळण्याचाही आहे, हे या कामातून अधोरेखित झाले.

मानवी आनुवंशिकता हाही खानोलकरांच्या प्रयोगशाळेचा विषय होता. संघवी आणि खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजांतील सात आनुवंशिक लक्षणांची तुलना केली. भौगोलिकदृष्ट्या एकाच शहरात राहणारे, परंतु पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच विवाह करणारे समाज हे रोगाच्या अभ्यासासाठी निसर्गाने मांडलेले प्रयोगच आहेत, ही त्यामागची भूमिका होती.

गर्भाशयमुखाचा कर्करोग

स्त्रियांच्या कर्करोगाकडेही खानोलकरांनी याच दृष्टीने पाहिले. मुंबईतील पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक, असे चित्र मुंबईतील रुग्णालयीन नोंदींतून दिसत होते. एकाच शहरातील, एकाच रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांत हा फरक का असावा, या प्रश्नाने विवाहाचे वय, बाळंतपणांची संख्या, स्वच्छतेच्या सोयी आणि पुरुषांच्या चालीरीती यांकडे संशोधकांचे लक्ष वळले.

या रोगाचे मूळ कारण खानोलकरांच्या हयातीत सिद्ध झाले नाही. जर्मन विषाणुशास्त्रज्ञ हारल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ऊतकात मानवी पॅपिलोमा विषाणूचा सोळावा प्रकार शोधला. या कार्यासाठी त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. लैंगिक संबंधांतून पसरणारा हा संसर्ग दीर्घकाळ टिकून राहिल्यास कर्करोगाकडे नेतो. लवकर विवाह, अधिक बाळंतपणे आणि तंबाखू हे घटक त्याला साहाय्यक ठरतात. समाजासमाजातील फरकांमागे जीवनपद्धती असावी, हा पूर्वीच्या अभ्यासकांचा कयास या शोधाशी सुसंगत ठरला.

किरणोपचार आणि ओटीपोटातील इजा

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा किरणोपचाराने बऱ्या होऊ शकणाऱ्या पहिल्या काही कर्करोगांपैकी एक आहे. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा आणि १८९८ मध्ये रेडियमचा शोध लागला. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. मार्गारेट क्लीव्ह्ज यांनी या रोगावर रेडियमचा वापर केला. पुढे पॅरिस, स्टॉकहोम आणि मँचेस्टर येथे रेडियम गर्भाशयात व योनिमार्गात ठेवण्याच्या निश्चित पद्धती विकसित झाल्या. १९३८ मध्ये मँचेस्टरच्या मार्गारेट टॉड आणि विल्यम मेरेडिथ यांनी गर्भाशयमुखाजवळचा एक ठरावीक बिंदू मानून तेथे पोहोचणारी मात्रा मोजण्याची पद्धत मांडली. किती मिलिग्रॅम रेडियम किती तास ठेवले, या जुन्या हिशेबाऐवजी ऊतकाला प्रत्यक्ष किती किरण मिळाले हे पाहण्याची दिशा तिने दिली.

अशा मोजमापाची गरज उपचाराच्या दुष्परिणामांतून निर्माण झाली होती. क्ष-किरणांच्या शोधानंतर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, लंडनचे डॉ. डेव्हिड वॉल्श यांनी या किरणांच्या सान्निध्यात काम करणाऱ्या व्यक्तीला झालेल्या पोटाच्या तक्रारींची नोंद केली. ओटीपोटात गर्भाशयमुखाच्या पुढे मूत्राशय आणि मागे मलाशय असते. मलाशय आपल्या जागी घट्ट बसवलेले असल्याने ते किरणांच्या मार्गातून बाजूला सरकत नाही. लहान आतड्याची वेटोळी हलती असतात, म्हणून त्यांना मिळणारी मात्रा विभागली जाते. परंतु आधीच्या शस्त्रक्रियेमुळे आतडे चिकटून बसले असल्यास तोच भाग पुन्हा पुन्हा किरणांखाली येतो. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांत लहान आतडे ओटीपोटाच्या रिकाम्या जागेत उतरते आणि धोका वाढतो.

इजा दोन टप्प्यांत दिसते. आतड्याच्या आतील अस्तराच्या पेशी काही दिवसांत झडून नव्याने तयार होत असतात. किरणोपचार सुरू असताना हे नूतनीकरण थांबते. त्यामुळे जुलाब, पोटात कळ, शौचाला सारखी घाई होणे, आव व रक्त पडणे या तक्रारी उद्भवतात. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत त्या सहसा शमतात.

दुसरा टप्पा उपचारानंतर काही महिन्यांनी, कधी अनेक वर्षांनी सुरू होतो आणि त्याचे मूळ रक्तवाहिन्यांत असते. किरणांमुळे लहान धमन्यांच्या आतल्या थराच्या पेशी दुखावतात, तो थर जाड होतो आणि वाहिनीची पोकळी हळूहळू अरुंद होते. रक्तपुरवठा कमी झालेल्या ऊतकात तंतू वाढतात, आतड्याची भिंत कडक होते आणि पृष्ठभागावर नाजूक, फुगलेल्या केशवाहिन्या तयार होतात. त्या सहज फुटत असल्याने शौचावाटे रक्त जाते आणि रुग्णाला पंडुरोग होतो. काहींत मलाशयाला व्रण पडतो किंवा आतडे अरुंद होऊन अडथळा येतो. क्वचित आतड्याला छिद्र पडते किंवा मलाशय आणि योनिमार्ग यांच्यात कायमची वाट निर्माण होते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला इजा झाल्यास ब-१२ जीवनसत्त्वाचे आणि पित्तक्षारांचे शोषण बिघडते. ओटीपोटातील मोठ्या धमन्याही अरुंद होऊ शकतात आणि चालताना पायात गोळे येणे हे त्याचे लक्षण ठरू शकते. लसीकावाहिन्या बंद झाल्यास पायांवर सूज राहते. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि धूम्रपान यांमुळे या साऱ्याचा धोका वाढतो.

रक्तस्राव पुन्हा सुरू झालेल्या रुग्णाच्या बाबतीत कर्करोग उलटला आहे की ही किरणांची इजा आहे, हा पहिला प्रश्न असतो. दोन्हींची लक्षणे सारखी असू शकतात, मात्र उपचार अगदी वेगळे असतात. ऊतकाच्या तपासणीत या दोहोंतील फरक कळतो. जाडावलेल्या धमन्या आणि तंतूंनी भरलेली भिंत किरणांची खूण सांगतात, तर कर्करोगाच्या पेशी रोगाची. तथापि, किरणांनी दुखावलेल्या मलाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा घेतल्यास ती जखम भरत नाही आणि तेथे छिद्र पडू शकते. त्यामुळे आधुनिक वैद्यकात अशी तपासणी आवश्यक तेव्हाच आणि सावधपणे केली जाते. सुक्राल्फेटचा बस्ती, दुर्बिणीतून आर्गॉन वायूच्या साहाय्याने रक्तस्राव थांबवणे, फॉर्मॅलिनचा मर्यादित वापर आणि उच्च दाबाखाली प्राणवायू देणे हे त्यावरील आजचे उपाय आहेत. स्रोत यंत्राने आत-बाहेर नेणारी अंतःकिरण पद्धत आणि त्रिमितीय प्रतिमांवर आखलेला बाह्य किरणोपचार यांमुळे मलाशयाला मिळणारी मात्रा पूर्वीपेक्षा बरीच कमी करता येते.

संयुक्त राष्ट्रांची किरणोत्सर्ग समिती

हिरोशिमा व नागासाकीवरील अणुबॉम्बनंतर आणि विशेषतः १९५० च्या दशकातील अण्वस्त्रचाचण्यांनंतर किरणोत्सर्गाचा प्रश्न रुग्णालयापुरता उरला नाही. वातावरणात पसरणाऱ्या किरणोत्सर्गी धुळीचा मानवजातीवर काय परिणाम होईल, याचा शास्त्रीय आढावा घेण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर १९५५ मध्ये एक वैज्ञानिक समिती स्थापन केली. आरंभी तिच्यात १५ सदस्य देश होते आणि भारत त्यांपैकी एक होता. खानोलकरांनी या समितीवर भारताचे प्रतिनिधित्व केले.

समितीचा पहिला सविस्तर अहवाल १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नैसर्गिक किरणोत्सर्ग, अण्वस्त्रचाचण्या आणि वैद्यकीय वापर या तिन्ही स्रोतांचा विचार होता. प्रत्यक्ष किरण झेललेल्या व्यक्तीवर होणारे परिणाम आणि पुढील पिढ्यांत उतरणारे आनुवंशिक परिणाम यांची त्यात स्वतंत्र चर्चा करण्यात आली. भारताला या विषयात विशेष आस्था असण्याचे आणखी एक कारण होते. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटयुक्त वाळूत थोरियम असल्यामुळे तेथील वस्तीला पिढ्यान्‌पिढ्या नेहमीपेक्षा अधिक नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळत आला आहे.

कुष्ठरोगावरील संशोधन

कर्करोगाखेरीज कुष्ठरोग हा खानोलकरांच्या अभ्यासाचा दुसरा मोठा विषय होता. कुष्ठरोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांतील ऊतकबदलांवरील त्यांचा अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. रोगाचे जंतू त्वचेतील बारीक मज्जातंतूंमध्ये लवकर शिरकाव करतात आणि रोगाची वाटचाल समजण्यासाठी मज्जातंतूंकडे पाहिले पाहिजे, ही बाब त्यांनी ठळकपणे मांडली. त्वचेवर फारसे काही दिसत नसतानाही बधिरता का येते, याचा उलगडा त्यातून होत होता.

१९५८ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात सी. व्ही. बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या गाठींतून एका जंतूचे संवर्धन केले. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो आयसीआरसी जंतू म्हणून ओळखला जातो. तो कुष्ठरोगाचाच जंतू आहे काय, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद राहिले. पुढे त्यापासून कुष्ठरोगाविरुद्ध लस तयार करण्यात आली.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. ऊतकसंवर्धन, प्रयोगासाठी शुद्ध वंशाचे उंदीर, जीवरसायनशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक या शाखांची तेथे उभारणी झाली. १९५७ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर अस्तित्वात आले. संशोधन शाखा पुढे नवी मुंबईतील खारघर येथे हलवण्यात आली. तेथील एका वास्तूला खानोलकरांचे नाव देण्यात आले आहे.

खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या संशोधकांत स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी स्तनाच्या कर्करोगावर संशोधन केले, देशातील ऊतकसंवर्धनाच्या आद्य प्रयोगशाळांपैकी एक उभारली आणि १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. सत्यवती सिरसाट यांनी कर्करोगाच्या अभ्यासात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा उपयोग केला. एल. डी. संघवी यांनी मानवी आनुवंशिकता आणि रोगपरिस्थितिविज्ञान या शाखा पुढे नेल्या.

विद्यापीठ आणि आंतरराष्ट्रीय कार्य

१९६० ते १९६३ या काळात खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५८ ते १९६२ या काळात ते आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष होते. या संघाची आठवी जागतिक परिषद १९६२ मध्ये मॉस्को येथे भरली. भारत सरकारने त्यांची वैद्यकशास्त्राचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नियुक्ती केली. त्यांनी १०० हून अधिक शोधनिबंध आणि कर्करोग व कुष्ठरोगावर ग्रंथ लिहिले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ वैद्यकीय संस्थांतर्फे व्याख्याने आयोजित केली जातात.

वारसा आणि ग्रामीण महाराष्ट्र

खानोलकरांचे संशोधन प्रामुख्याने मुंबईत येणाऱ्या रुग्णांवर आधारलेले होते. रुग्णालयापर्यंत न पोहोचणाऱ्या रुग्णांची त्यात नोंद नव्हती. ही उणीव मराठवाड्याच्या बाबतीत विशेष जाणवणारी होती. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. मराठवाड्यातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबादला निघाले. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

रोगाच्या कारणांचा शोध घेण्याची परंपरा १९८० च्या दशकात खेड्यांपर्यंत पोहोचली. टाटा मेमोरियल सेंटरच्या साहाय्याने १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. क्षेत्रसेवकांनी गावोगाव जाऊन लोकांना लक्षणांची माहिती द्यायची, संशयित रुग्णांना तपासणीस पाठवायचे आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायची, अशी तिची पद्धत होती. या भागातील स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रभागी असल्याचे या नोंदणीतून स्पष्ट झाले.

त्यानंतर बीडला लागून असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल सेंटर आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मोठा अभ्यास हाती घेतला. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची चार गटांत विभागणी करण्यात आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मानवी पॅपिलोमा विषाणूची केवळ एकदा चाचणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. तुलनेसाठीच्या गटातील स्त्रियांची तपासणी झाली नाही, यावरून या अभ्यासावर नैतिक आक्षेपही घेण्यात आले.

या निष्कर्षाचे महत्त्व किरणोपचाराच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. रोग पूर्वावस्थेत सापडल्यास गर्भाशयमुखाचा छोटा भाग गोठवून किंवा काढून उपचार होतो आणि किरणांची गरज पडत नाही. रोग ओटीपोटात पसरल्यावर मात्र किरणोपचार हाच मुख्य मार्ग उरतो. त्यासाठी रुग्णाला कित्येक आठवडे घरापासून दूर राहावे लागते आणि मलाशय व रक्तवाहिन्यांच्या इजेवर पुढे वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. मराठवाड्यात ही सोय छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालयात आहे.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास येथील लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात स्थलांतर करतात. त्यांतील अनेक तरुण स्त्रियांची गर्भाशये काढून टाकण्यात आल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले आणि राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशा साध्या तक्रारींवरही कर्करोगाची भीती दाखवून शस्त्रक्रिया सुचवली गेल्याचे अनेक स्त्रियांनी सांगितले. ऊतकाची तपासणी झाल्याशिवाय कर्करोगाचे निदान करता येत नाही, हे विकृतिशास्त्राचे पहिले तत्त्व आहे. अनावश्यक शस्त्रक्रियेने आतडे चिकटण्याचा धोका निर्माण होतो आणि अशा स्त्रीला पुढे कधी ओटीपोटावर किरणोपचार घ्यावा लागल्यास आतड्याला इजा होण्याची शक्यता वाढते.

खानोलकरांनी तंबाखू, पेहराव आणि चालीरीती यांत रोगाची कारणे शोधली, तेव्हा उपचाराची साधने मोजक्या शहरांतच उपलब्ध होती. बार्शी आणि धाराशिव येथील कामाने त्यांच्या पद्धतीला गावपातळीवरील प्रतिबंधाची जोड दिली. मुखाचा आणि गर्भाशयमुखाचा असे भारतातील दोन प्रमुख कर्करोग बहुतांशी टाळता येण्याजोगे आहेत, हे आज सर्वमान्य आहे. त्या विचाराची पायाभरणी करणाऱ्या भारतीय संशोधकांत खानोलकरांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.